शिशाचा नंबर

नंबर या शब्दाशी चिमटीचं रोजचं देणंघेणं होतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या अरुंद खोलीत बसून ती काचा घासायची. काच म्हणायची ती सवयीने, बाकी हल्ली सगळं प्लॅस्टिकच. पुढे मालक गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचे, चिठ्ठीवर नंबर लिहून झरोक्यातून मागे सरकवायचे आणि चिमटी त्या नंबरची काच फ्रेमच्या मापाने कापून, कडा गुळगुळीत करून बसवून द्यायची. उणे दोन म्हणजे उणे दोन. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी काच यंत्राखाली धरली की काय ते स्पष्ट व्हायचं. नंबरने तिला कधी दगा दिला नव्हता.

म्हणून गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातून आलेल्या कागदावर 'नऊ' हा आकडा दिसला, तेव्हा ती घाबरली नाही. तिने सरळ विचारलं, "नऊ म्हणजे किती? चांगलं की वाईट?"

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. बोलताना पेनाचं टोपण काढायची आणि लावायची त्यांना सवय होती. त्या म्हणाल्या, "शिसं रक्तात मुळीच नसलं तर उत्तम. पाचच्या वर गेलं की आम्ही लक्ष ठेवतो. नऊ म्हणजे आभाळ कोसळलेलं नाही, पण डोळेझाक करण्यासारखंही नाही."

ही तपासणी झाली तीसुद्धा बोलता बोलता. पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं होतं, "आधी कुठे काम करायचात?"

"बाबांच्या दुकानात. रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं."

"म्हणजे गल्ल्यावर बसायचात?"

"छे! मी डाख द्यायचे."

पेनाचं टोपण अर्ध्यात थांबलं. "किती वर्षं?"

"अकरा. पंधराव्या वर्षापासून. सोडून सात वर्षं झाली."

डाख म्हणजे शिसं आणि कथील यांचा रस. ट्रकचा तांब्या-पितळेचा रेडिएटर गळायला लागला की तो दुकानात यायचा. पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात हवा भरायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. मग बत्तीच्या जाळाने जुना डाख वितळवून झटकायचा, जागा ॲसिडने साफ करायची आणि नवा डाख ओतून भोक बुजवायचं. लहानपणी ती बापाशेजारी चिमटा धरून उभी राहायची, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं, आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. विशीत आली तोवर तिचा हात बापापेक्षा साफ चालायला लागला होता. ट्रकवाले "मुलगी आहे का दुकानात?" असं विचारूनच गाडी उभी करायचे. पुढे प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, बापाचे हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं. तिने चष्म्याचं काम शिकून घेतलं, लग्न केलं, आणि डाखाचा वास तिच्या डोक्यातूनही गेला.

"सात वर्षं म्हणजे बराच काळ झाला," डॉक्टरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "तरी बघून घेऊ." आणि बघितलं तर हे नऊ.

घरी तिघं होती. चिमटी, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या पोटात लोंबकळून संध्याकाळी घरी आला की तिसऱ्या मजल्यापर्यंत मात्र जिन्याने चढायचा, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, स्वभावातून नव्हे. त्यांनी कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि जाहीर केलं, "शिसं आलंय म्हणजे कुठून तरी आलंय. सापडलं पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. सासूबाईंनी वही केली. नळाचं पाणी, चकचकीत रंगाचा मातीचा वाडगा, चिमटीची लिपस्टिक, नवऱ्याचे कामाचे बूट, खिडक्यांचा रंग अशी संशयितांची यादी तयार झाली. वाडगा गेला. लिपस्टिक गेली. बूट दाराबाहेर गेले. पाणी तपासून आणलं, ते निर्दोष निघालं. आणि एका रविवारी चिमटी बाहेर गेली असताना मायलेकांनी बेडरूमची खिडकी हाती घेतली. घर भाड्याचं आणि जुनं. त्या खिडकीवर रंगाचे इतके थर होते की ती धड लागायचीही नाही. नवऱ्याने पत्र्याच्या तुकड्याने खरवड खरवड खरवडली, सासूबाईंनी झाडूने झाडून काढलं. चिमटी घरी आली तर खोलीत पिठाच्या गिरणीसारखी धूळ आणि दोघांच्या भुवया पांढऱ्या.

"झालं!" सासूबाई विजयी आवाजात म्हणाल्या. "मुळावरच घाव घातला."

पुढच्या भेटीला सासूबाईही बरोबर आल्या. तिथे चिमटीने हे कौतुकाने सांगितलं, तर डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "खरवडलं? कोरडं? अहो, जुन्या रंगात शिसं असलं तर ते खिडकीला चिकटलेलं होतं तेच बरं होतं. तुम्ही ते हवेत उडवलंत!"

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या बाईला स्वतःची चूक कुठे ठेवावी हे कळेना. त्यांनी घरी येऊन ओल्या फडक्याने जमीन पुसली. मग भिंती पुसल्या. मग रोज पुसायला लागल्या. चिमटीला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांची वेळही सासूबाईंनी स्वतःकडे घेतली. घंटा तेवढी वाजवत नव्हत्या, बाकी शाळाच.

दरम्यान चिमटीच्या शरीराने भलतंच तंत्र सुरू केलं होतं. दुकानात दुपारी तीनला एक कप कॉफी घ्यायची तिची जुनी सवय. आता तोच एक कप घेतला की झोपायची वेळ झाली तरी छाती धडधडत राहायची. उलट पाणी प्यायलं की अर्ध्या तासात उठावं लागायचं. तिने डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "या दिवसांत मूत्रपिंडं दीडपट जोराने काम करतात, त्यामुळे काही गोष्टी पटकन बाहेर पडतात. कॉफीचं उलटं. यकृत तिला सावकाश हाताळतं, म्हणून ती अंगात रेंगाळते."

"म्हणजे माझं शरीर जोरात चाललंय की हळू?"

"काही बाबतीत जोरात, काही बाबतीत हळू."

"आणि शिशाच्या बाबतीत?"

डॉक्टरबाईंनी टोपण लावलं. "बघू या."

सहाव्या महिन्यात पुन्हा रक्त दिलं. आकडा आला सहा.

त्या दिवशी घरात काय आनंद झाला! नवऱ्याने खालच्या दोन मजल्यांवरच्या शेजाऱ्यांनाही सांगितलं, त्यांना काही कळलं नाही तरी. सासूबाईंनी वहीत सहाच्या खाली दोन रेघा मारल्या. खिडकीचं पाप ओल्या फडक्याने धुऊन निघालं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्या पहिल्यांदा दुपारच्या झोपल्या. चिमटीला मात्र कुठेतरी खटकत होतं. वाडगा टाकला म्हणून, लिपस्टिक टाकली म्हणून, की पुसापुशी केली म्हणून? नेमकं कशाने उतरलं? चष्म्याचा नंबर असा आपोआप उतरला असता तर मालकांनी यंत्र तपासायला काढलं असतं.

आठव्या महिन्यात आकडा आला तेरा.

नवऱ्याने कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला खुलासा छापला असेल. "दुसऱ्याच कुणाचा असेल," तो म्हणाला. पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेरा.

सासूबाईंनी वही उघडली आणि मिटली. संध्याकाळी चिमटी स्वयंपाकघरात गेली तर त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आई, काय झालं?"

"ती खिडकी," त्या म्हणाल्या. "त्या धुळीने केलं हे. मी केलं."

"पण खिडकीनंतर तर सहा आला होता ना?"

"मग आता हे कुठून आलं? सांग ना, कुठून आलं?"

दुकानावरही संशय घेऊन झाला. मालकांनी घाबरून काचांच्या कंपनीला फोन केला. प्लॅस्टिकमध्ये शिसं कुठलं, असं तिकडच्या माणसाने हसून सांगितलं. तरी मालकांनी तिला सक्तीने घरी बसवलं. घरी बसून ती काय करणार? स्वतःच्याच हातांकडे बघत बसायची. बाहेरून काही आत येत नव्हतं, आणि आतला आकडा चढत होता. चढणारं हे आहे तरी काय?

शेवटी तिघंही डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसली. खुर्च्या दोनच होत्या. नवरा वजनकाट्याला टेकून उभा राहिला.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "शिसं अंगात गेलं की शरीर फसतं. त्याला ते कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते हाडांत नेऊन ठेवतं. रक्तातून एक-दोन महिन्यांत बरंचसं निघून जातं, पण हाडांतलं वीस-वीस, तीस-तीस वर्षं पडून राहतं. आता बाळाची हाडं घडतायत. त्याला कॅल्शियम लागतं, शेवटच्या महिन्यांत तर फार लागतं. खाण्यातून पुरलं नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढून देतं. आणि कॅल्शियम बाहेर काढताना त्याच्याबरोबर—"

"शिसंही," चिमटी म्हणाली.

"शिसंही."

सासूबाईंनी वर्गात विचारायच्या आवाजात विचारलं, "मग मध्ये सहा का आला?"

"मधल्या महिन्यांत रक्तातलं पाणी खूप वाढतं. वाटीभर पाण्यातलं मीठ तांब्याभर पाण्यात टाकलं तर कमी खारट लागतं ना, तसं. शिवाय मूत्रपिंडंही जोरात चालतात."

"म्हणजे ते कमी झालंच नव्हतं?" नवऱ्याने विचारलं.

"थोडं झालंही असेल. तुम्ही घर पुसलंत, त्याचाही उपयोग झाला असेल."

"आणि खिडकी?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "तेरामध्ये खिडकीचे किती?"

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. "ते मला सांगता येणार नाही. कुठलं शिसं हाडातलं आणि कुठलं रंगातलं, हे ओळखायची तपासणी असते, पण आपल्याकडे होत नाही. बहुतेक हाडातलंच असावं. पण बहुतेक."

"बहुतेक," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच एखादा शब्द त्यांना वहीत लिहिता आला नाही.

औषधाने बाहेर काढता येत नाही का, असं नवऱ्याने विचारलं. एवढ्या आकड्याला गरोदर बाईला ते औषध देत नाहीत, असं उत्तर आलं. गोळ्या चालू ठेवा, दूध प्या, बाळाची वाढ ठीक आहे. वाढ ठीक आहे हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. तरी तिघं बाहेर पडली ती रस्ता चुकल्यासारखी, आणि खरोखरच चुकीच्या बसमध्ये बसली.

बापाला सांगावं की नाही, यात चिमटीचे चार दिवस गेले. तो दोन गल्ल्या पलीकडे एकटा राहायचा. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. बाप मोडका रेडिओ उघडून बसला होता. स्क्रू त्याच्या बोटांतून निसटून निसटून टेबलाखाली जात होते.

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं.

"सात वर्षं झाली चिमटे. कामाचे कपडे जाळले. दुकान दुसऱ्याचं झालं, तिथे आता केस कापतात. मग आता कुठून येईल?"

"माझ्या हाडांतून."

त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं, जणू तिथे काही दिसेल. "हाडांत कसं जाईल? मी तुला हातमोजे दिले होते."

"एकच दिला होता बाबा. डावा."

"उजव्याला मोजा असला की डाख कळत नाही," तो सवयीने म्हणाला, आणि ती हसली. तोही हसला. मग त्याचं हसू एकदम विझलं. "मीच तुला उभं केलं तिथे," तो म्हणाला. "शेजारचे म्हणायचे, मुलीला कशाला बत्तीपाशी? मी म्हणायचो, माझी मुलगी आहे, हिला कला येते. छाती फुगवून सांगायचो."

चिमटी येताना रागावायचं ठरवून आली होती. निदान रागावता आलं तर बरं, असं तिला वाटत होतं. त्यामुळे दोष तरी एका जागी ठेवता आला असता. पण राग कशावर करायचा? ती अकरा वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात ताठ मानेची वर्षं होती. वितळलेला डाख चांदीसारखा पळत जाऊन भोकात बसायचा तेव्हा तिला जे वाटायचं, ते पुन्हा कुठल्याच कामात वाटलं नव्हतं. आणि तेच आता तिच्या पोरीच्या, किंवा पोराच्या, रक्तात उतरत होतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून तिने पाहिल्या. एकीने दुसरी खोटी ठरत नव्हती.

तेवढ्यात पुन्हा एक स्क्रू पडला. तो उचलायला बाप वाकला आणि पोट धरून तसाच बसला.

"काय होतंय?"

"काही नाही. कळ येते अधूनमधून. वय झालं."

"हात कधीपासून थरथरतात?"

"वय झालं म्हणतोय ना."

चिमटी उठली. आठव्या महिन्याचं पोट घेऊन तिने त्याची चप्पल शोधली, त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"रक्त द्यायला."

त्याचा आकडा आला एकतीस. त्याने तर अडतीस वर्षं डाख दिला होता. म्हातारपणी हाडं झिजतात, मग त्यांच्यातलंही बाहेर पडतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पोटातली कळ, हातांची थरथर, विसरभोळेपणा, सगळं वयाच्या खात्यावर टाकून तो गप्प बसला होता. त्यातलं वयाचं किती आणि शिशाचं किती, हे इथेही कुणाला सांगता येईना. पण त्याच्यावर लक्ष ठेवणं सुरू झालं, हाडांसाठी औषध मिळालं, आणि पोटाच्या कळा तरी पुढे कमी झाल्या.

चिमटीला मुलगी झाली. वेळेवर झाली, वजन ठीक, रडणं खणखणीत. नाळेतल्या रक्तात आकडा निघाला दहा. दहा! आईपेक्षा थोडाच कमी. चिमटीने डॉक्टरबाईंना विचारलं, "मग हिला माझं दूध पाजू की नको? दुधातूनही जाणार ना?"

"थोडं जातं. पण तुमचा आकडा एवढा मोठा नाही. दुधाचा फायदा त्याहून कितीतरी जास्त आहे. पाजा."

"म्हणजे ज्यात विष आहे तेच औषध?"

"विष म्हणू नका हो," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण दुसरा शब्द त्यांनाही सुचला नाही.

तिने पाजलं. पहिले काही दिवस प्रत्येक घोटाबरोबर तिचा जीव वरखाली व्हायचा. पोरगी मात्र निवांत प्यायची आणि पिता पिताच झोपी जायची. एका महिन्याने मुलीचा आकडा आठ. चौथ्या महिन्यात सहा. डॉक्टरबाई म्हणाल्या, उतरतोय, छान आहे. चिमटीने कागद घेतला आणि तिला कळेना, आता हसायचं का? मागच्या वेळी सहाला हसून पाहिलं होतं. हा सहा आणि तो सहा एकच का? मुलगी मान धरत होती, आवाजाकडे वळत होती, सासूबाईंचं बोट घट्ट पकडत होती. सगळं वेळेवर. पुढे शाळेत गेल्यावर काही जाणवेल का, असं चिमटीने विचारलं, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या आकड्याला बहुतेक काही कळूनही येणार नाही." पुन्हा बहुतेक.

सासूबाईंनी खिडकीवर नवा रंग लावून घेतला, जुन्याला न खरवडता, वरूनच. पुसणं त्यांनी थांबवलं नाही. एकदा त्या चिमटीला म्हणाल्या, "मी केलं की नाही केलं, हे कळलं असतं तर बरं झालं असतं. केलं असतं तरी चाललं असतं." चिमटीने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली जमीन स्वतः पुसली.

बाप दर बुधवारी नातीला बघायला यायचा. आला की आधी मोरीत जाऊन साबणाने हात धुवायचा. कोपरापर्यंत. मग पुन्हा धुवायचा. तरीही तिला घ्यायला कचरायचा. खुर्चीच्या कडेवर बसून लांबूनच चुटक्या वाजवायचा.

"बाबा, ते हातांवर नाही आता," चिमटी म्हणायची. "कितीदा सांगू? हात स्वच्छ आहेत तुमचे."

"माहीत आहे," तो म्हणायचा. "डॉक्टरांनी सांगितलंय मला." आणि हातांकडे बघत राहायचा.

एका बुधवारी चिमटीने न विचारता मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि आत चहाचं दूध तापवायला गेली. परत आली तर तो अवघडून बसला होता, पाठ ताठ, हात हवेत, कुठे टेकवावे ते न कळून. मुलीने त्याच्या सदऱ्याचं बटण तोंडात घेतलं होतं.

"चालेल का हे?" त्याने विचारलं. "बटण?"

चिमटीने बटणाकडे पाहिलं. साधं प्लॅस्टिकचं होतं. असावं. तिने ते मुलीच्या तोंडातून हळूच सोडवलं, पदराने पुसलं, उजेडाकडे वळवून पाहिलं आणि चालेल की नाही, हे तिलाही सांगता येईना.